भविष्यकाळ आणि वचन

व्याकरणाच्या पुस्तकांत नीतिशास्त्र शोधावयास सहसा कोणी जात नाहीं. धर्मग्रंथ, संतांचीं चरित्रें, फार तर एखादी चांगली कादंबरी, एवढ्यांवर आपला नीतिविचार पोसला जातो. आणि व्याकरण म्हणजे बाळपणीं पाठ करून घेतलेलें व परीक्षा संपतांच आनंदानें विसरलेलें एक रूक्ष कोष्टक, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. परंतु भाषेंतील रूपें कांहीं व्याकरणकारांच्या सोयीसाठीं घडलेलीं नाहींत. तीं देण्याघेण्यांत, भांडणांत, लग्नाच्या बोहल्यावर आणि मरणाच्या दारीं वापरून वापरून झिजलेलीं आहेत. क्रियापदाच्या तीन काळांपैकीं भूत आणि वर्तमान हे त्यांतल्या त्यांत सरळ साक्षीदार होत. झालें तें आणि चाललें आहे तें ते सांगतात, आणि खोटें बोलल्यास त्यांस पकडतां येतें. तिसरा मात्र मोठा विलक्षण. जें अद्यापि नाहीं त्याविषयीं तो बोलतो, आणि तरीहि त्याच्यावर विश्वास टाकून माणसें जमिनी गहाण ठेवतात, मुली देतात, घरें बांधावयास काढतात. उद्यां समुद्रावर लढाई होईल, हें वाक्य आज खरें कीं खोटें, असा प्रश्न ॲरिस्टॉटलनें विचारून ठेवला आहे आणि तत्त्वज्ञांचा त्यावरील वाद अद्याप मिटलेला नाहीं. आम्हांस येथें त्याहून लहान, पण घराच्या अधिक जवळचा प्रश्न घ्यावयाचा आहे. ‘मी देईन’ असें जेव्हां माणूस म्हणतो तेव्हां तो नेमकें काय करतो? भाकित करतो, इच्छा सांगतो, कीं स्वतःस बांधून घेतो?

या प्रश्नास निमित्त झालें तें एका परक्या भाषेचें. परभणी तालुक्यांतील झरी हें आमचें गांव. तेथील आमच्या नात्यांतला एक तरुण हैदराबादेच्या परकीय भाषांच्या विद्यापीठांत स्पॅनिश शिकतो. (त्याच्या आज्यानेंहि हैदराबादेकडेच तोंड करून उर्दूचे धडे गिरविले होते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत झरी निजामाच्या राज्यांत होतें, आणि सरकारदरबारीं उर्दूवांचून पान हलत नसे.) सुटींत तो आला असतां त्याची वही आमच्या हातीं पडली. तींत एका नियमित क्रियापदाचीं भविष्यकाळचीं सहा रूपें सुवाच्य अक्षरांत मांडलीं होतीं. क्रियापद होतें ‘पागार’, अर्थ पैसे देणें, फेडणें. मराठी वाचकास हा शब्द परका वाटण्याचें कारण नाहीं. स्पॅनिशची सख्खी बहीण जी पोर्तुगीज, तिच्यांतहि हाच शब्द आहे, आणि तिच्या तोंडून तो पश्चिम किनाऱ्यानें आपल्या घरांत शिरला. दर महिन्याच्या आरंभीं सारें मध्यमवर्गीय घर ज्याची वाट पाहतें तो आपला ‘पगार’ हाच. त्याचीं रूपें अशीं: पागारे, पागारास, पागारा, पागारेमोस, पागारेइस, पागारान. म्हणजे मी देईन, तूं देशील, तो देईल. आम्ही देऊं, तुम्ही द्याल, ते देतील.

स्पॅनिश शिकणाऱ्यास या काळाइतका सोपा काळ दुसरा नाहीं. इतर काळांत क्रियापदाचें शेपूट तोडून मग प्रत्यय लावावा लागतो. येथें सबंध क्रियापद जसेंच्या तसें ठेवून पुढें प्रत्यय चिकटवावयाचा. क्रियापदांचे तीन वर्ग आहेत, पण प्रत्यय तिघांनाहि तेच. अपवाद अवघे डझनभर, आणि त्यांचेंहि अंग तेवढें बदलतें, प्रत्यय कधींच बदलत नाहीं. मौज अशी कीं, मोडलेलीं हीं क्रियापदें पाहूं लागलें तर तीं करणें, म्हणणें, येणें, शकणें, इच्छिणें, जाणणें याच अर्थांचीं निघतात. जीं माणसाच्या तोंडीं फार, तींच भविष्यकाळांत मोडतात.

परंतु आमचें लक्ष वेधलें तें या प्रत्ययांनीं. स्पॅनिशमध्यें ‘आबेर’ म्हणून एक सहायक क्रियापद आहे. त्याच्या लॅटिन मूळाचा अर्थ ‘जवळ असणें, बाळगणें’. त्याचीं वर्तमानकाळचीं रूपें ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. वरच्या सहा रूपांच्या शेपटांशीं हीं ताडून पाहावीं, म्हणजे गुपित उघडें पडतें. ‘पागारे’ हा एक शब्द नव्हेच; ते ‘पागार’ आणि ‘ए’ असे दोन शब्द एकमेकांस चिकटलेले आहेत. देणें माझ्याजवळ आहे, मला द्यावयाचें आहे, असा त्याचा मूळचा भाव. हा शोध अलीकडच्या भाषापंडितांचा आहे असेंहि नाहीं. १४९२ सालीं, ज्या वर्षीं कोलंबस निघाला त्याच वर्षीं, नेब्रिहा नांवाच्या पंडितानें स्पॅनिशचें पहिलें व्याकरण लिहून राणी इसाबेलास अर्पण केलें. त्यांतच त्यानें भविष्यकाळ हा असा आडवळणानें दोन क्रियापदांचा बनला आहे असें सांगून ठेवलें आहे. जुन्या लॅटिनला स्वतःचा भविष्यकाळ होता, तो सामान्य जनांच्या तोंडीं टिकला नाहीं. साम्राज्य मोडत असतां लोकांनीं पुढच्या दिवसाविषयीं बोलावयास नवें रूप घडविलें, आणि तें कर्तव्याच्या मातीचें घडविलें.

या नव्या रूपाचा एक अगदीं आरंभीचा लेखी दाखला सातव्या शतकांतील फ्रेडेगारच्या बखरींत सांपडतो, आणि तो आपल्या विषयास फारच जुळतो. जस्टिनियन बादशहानें इराणच्या राजास पकडून शेजारीं बसविलें आणि जिंकलेले प्रांत परत मागितले. राजा जुन्या शुद्ध लॅटिनमध्यें म्हणाला, मी देणार नाहीं. बादशहानें उत्तर केलें, ‘दारास’: तूं देशील. आणि तेथें वसलेल्या नगरास दारा हें नांव पडलें, असें बखरकार म्हणतो. इतिहासदृष्ट्या ही गोष्ट खरी नाहीं; दारा नगर जस्टिनियनच्या आधीं, अनास्तासियस बादशहाच्या कारकीर्दींत उभें राहिलें होतें. पण दंतकथा म्हणून ती मोलाची आहे. नकार जुन्या भविष्यकाळांत, आणि वसुली नव्या.

अन्य भाषांनीं भविष्यकाळ कशाचा घडविला हें पाहिलें तर त्या त्या समाजाच्या मनाचा एक कोपरा दिसूं लागतो. इंग्रजी भाषेनें दोन शब्द वापरले. ‘शॅल’चा मूळ अर्थ ‘ऋणी असणें’, ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छिणें’. आमच्या पिढीस शाळेंत या दोहोंनीं बराच मार खावविला आहे. साध्या भविष्यासाठीं ‘मी’बरोबर शॅल आणि इतरांबरोबर विल, वचन, धमकी वा आज्ञा असल्यास नेमकें उलट. हा नियम जॉन वॉलिस नांवाच्या गणितज्ञानें १६५३ च्या आपल्या व्याकरणांत घालून दिला. आज इंग्रज लोकहि तो फारसा पाळीत नाहींत, आणि छडी चुकलेल्या मुलांस त्याचें दुःख असण्याचें कारण नाहीं. पण त्या नियमाच्या पोटीं एक खरी जाणीव होती, ती पुढें उपयोगी पडेल: भविष्यकाळांत ‘मी’ आणि ‘तो’ एका पंक्तीला बसत नाहींत.

उर्दू-हिंदींतील ‘दूंगा’ घ्या. त्यांतील ‘गा’ हा ‘गत’ या संस्कृत शब्दाचा अवशेष आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. येणाऱ्या काळाच्या शेपटीस ‘गेलेला’ बांधलेला! निजामी अमलांत झरीच्या माणसास कचेरींत ‘दूंगा’ आणि घरीं ‘देईन’ असे दोन भविष्यकाळ बाळगावे लागत. संस्कृतांत तर पाणिनीनें आज होणारें आणि आज न होणारें यांचाहि भेद केला. आजनंतरच्या भविष्यासाठीं जो लुट् लकार, त्याचीं ‘दा’ धातूचीं रूपें दातास्मि, दातासि, दाता. ‘दातास्मि’ म्हणजे ‘दाता अस्मि’, मी देणारा आहें. उद्यांची गोष्ट सांगावयाची, तर क्रिया बाजूस ठेवून कर्त्याचीच ओळख करून द्यावयाची. ‘मी’ आणि ‘तूं’ यांच्या रूपांत ‘आहें’ आणि ‘आहेस’ लागतें. ‘तो’च्या रूपांत मात्र नुसता ‘दाता’ उरतो, त्याच्यामागें ‘आहे’ लागत नाहीं. तो देणारा आहे अशी ग्वाही त्याच्या वतीनें आपण कोण देणार, असेंच जणूं वैयाकरणांस वाटलें असावें. ही आमची कल्पना आहे; पाणिनीच्या माथीं ती मारूं नये.

आणि मराठी? मराठीचा भविष्यकाळ कशाचा घडला हें पाहावयास ग्रंथ उघडण्याचीहि गरज नाहीं. तो रोज देवळांत जाई. तो उद्यां देवळांत जाईल. तो मागेल त्याला देई. तो तुला देईल. करी, करील, येई, येईल, बोले, बोलेल. ज्या रूपानें आज आपण गेल्या काळची रीत सांगतों, त्याच रूपाला ‘ल’ लागला कीं पुढचा काळ तयार होतो. पूर्वीं हें रूप वर्तमानकाळचें होतें आणि संतवाङ्मयांत तें तसें आढळतें. पण आजच्या कानास त्यांत संवय ऐकूं येते. स्पॅनिश माणूस कर्तव्यांतून उद्यांकडे जातो, इंग्रज ऋणांतून किंवा इच्छेंतून, आणि आपण संवयींतून. गांवच्या भाषेंत ज्याला ‘पत’ म्हणतात ती याहून निराळी काय आहे? अमका देईल कां, या प्रश्नाचें उत्तर अमका आजवर देई कां, यावरच ठरतें. सावकार, वाणी आणि मुलीचा बाप हे तिघेहि हें व्याकरण न शिकतां जाणतात.

आणखी एक गोष्ट जातां जातां सांगण्याजोगी आहे. मराठीच्या वर्तमानकाळीं बोलणारा पुरुष कीं स्त्री हें ‘देतों’, ‘देतें’ यावरून कळतें. उर्दूचा भविष्यकाळहि ‘दूंगा’, ‘दूंगी’ असा भेद करतो. मराठीच्या भविष्यकाळांत तो भेद नाहीं. ‘देईन’ हें बापाचें वचन आणि ‘देईन’ हेंच आईचें. वचन देण्याच्या अधिकारांत भाषेनें स्त्रीस कमी लेखिलें नाहीं. व्यवहारानें लेखिलें, ती गोष्ट निराळी. झरीच्या जुन्या बायका पैशाची गोष्ट निघाली कीं ‘तें ते बघतील’ म्हणून मोकळ्या होत. ते म्हणजे घरधनी, आदरार्थी अनेकवचनीं. स्वतःचें ‘देईन’ त्यांच्याजवळ होतें. तें वापरण्याची मुभा नव्हती.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. कोष्टक सहा रूपें एकाखालीं एक मांडतें, म्हणून तीं सारख्याच जातीचीं आहेत असा भास होतो. वस्तुतः ‘तो देईल’ हें अनुमान आहे. तें चुकलें तर अनुमान चुकलें, एवढेंच. स्पॅनिशमध्यें आणि मराठींतहि हें रूप तर निव्वळ अंदाजासाठीं सर्रास वापरलें जातें. ‘तो आतां घरीं असेल’ या वाक्यांत भविष्य कोठें आहे? येथें काळ वर्तमानच, फक्त आपल्या अज्ञानावर ‘ल’चें पांघरूण घातलें आहे. ‘तूं देशील’ यांत विश्वास, आज्ञा आणि धमकी या तिन्ही गोष्टी मावतात, आणि कोणती मानावी तें स्वरावरून ठरतें. पण ‘मी देईन’ हें अनुमान नव्हे. आपल्याविषयीं भाकित करणारा माणूस हास्यास्पद होय. ‘माझी संवय पाहतां उद्यां मी तुमचे पैसे परत करीन असा माझा अंदाज आहे’ असें कोणी म्हणाला तर त्याला कोणी पैसे देईल काय? ‘मी देईन’ म्हणतांना माणूस जगाचें वर्णन करीत नाहीं, जगांत एक नवी वस्तु निर्माण करतो. आणि ती वस्तु म्हणजे दुसऱ्याचा आपल्यावरील हक्क. स्पॅनिश भाषेनें तर या वस्तूला तेंच नांव देऊन टाकलें आहे. तींत वचनचिठ्ठीला, म्हणजे अमुक दिवशीं अमुक रक्कम देण्याच्या कागदाला, ‘पागारे’च म्हणतात. ‘मी देईन’ हें क्रियापद तेथें नाम झालें, दस्तऐवज झाला, हस्तांतर करण्याजोगी मालमत्ता झाला.

आपल्या भाषेंत ‘वचन’ हा शब्द प्रतिज्ञेसहि लागतो आणि व्याकरणांतील संख्येसहि. हा निव्वळ योगायोग असेल, पण बोधप्रद आहे. रामाला आपण एकवचनी म्हणतों. वचन खरें वजनदार असतें तें एकवचनींच. अनेकवचन झालें कीं तें पातळ होऊं लागतें. ‘मी देईन’ म्हणणाऱ्याचा सदरा धरतां येतो. ‘आम्ही देऊं’ म्हणणाऱ्यांपैकीं कोणाचा धरावा? सभेंत उभे राहून ‘आम्ही हें करूं’ म्हणणारे पुढारी आणि मासिकांत ‘आम्ही’ म्हणून लिहिणारे आमच्यासारखे लेखक, दोघांसहि हें अनेकवचन सोयीचें पडतें. शिवाय मराठींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जो बारीक भेद आहे तो स्पॅनिशला, इंग्रजीला अथवा उर्दूला नाहीं. ‘पागारेमोस’ म्हणतांना ऐकणारा त्यांत धरला आहे कीं वगळला आहे हें त्या रूपावरून कळत नाहीं. आपल्याकडे ‘आम्ही देऊं’ म्हणजे तुम्हांस तोशीस नाहीं, आणि ‘आपण देऊं’ म्हणजे तुमचाहि हात खिशांत जावयाचा. कोणत्याहि गांवांत ‘आपण देवळाचा जीर्णोद्धार करूं’ हें वाक्य उच्चारलें जातांच चार माणसें उठून कां जातात, हें परभाषिकाला समजावून सांगणें कठीण आहे.

झरीच्या कानाला या बाबतींत फारच सूक्ष्म शिक्षण मिळालेलें आहे. ‘उद्यां देतों’ हें खरें वचन. तेथें भविष्य वर्तमानांत ओढून आणलेलें असतें. ‘देईन’ त्याहून एक पायरी खालीं, कारण त्याच्यामागें ‘कधींतरी’ हा शब्द न उच्चारतां उभा असतो. ‘देऊं कीं’ आणखी खालीं. ‘होऊन जाईल’ येथें बोलणारा माणूसच नाहींसा झाला. काम आपोआप होणार, जसा पाऊस पडतो तसें. आणि ‘बघूं’ म्हणजे नाहीं. परभणीकडच्या बोलींत ‘करायलों’ असें जें चालू वर्तमानकाळचें रूप आहे, त्याचा उपयोग तर अद्भुत: ‘काम कधीं करशील’ या प्रश्नास ‘करायलों कीं’ असें उत्तर येतें, आणि काम अद्याप आरंभिलेलेंहि नसतें. उलट, निरोप घेणारा माणूस ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. जाण्याच्या क्षणीं परत येण्याचें वचन, तेंहि वर्तमानकाळीं. एवढी सुंदर रीत आम्हांस इतर भाषांत फारशी आढळलेली नाहीं.

‘होऊन जाईल’ हें असत्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें असत्याहून चतुर आहे. त्यांत बोलणारा स्वतःविषयीं असें बोलतो कीं जणूं तो त्रयस्थ आहे. वचनाचें अनुमान करून टाकणें, ‘मी’च्या जागीं गुपचूप ‘तें’ बसविणें, ही भविष्यकाळांतील चोरी होय. आणि शिकलेल्या वर्गांत ती अशिक्षितांपेक्षां अधिक चालते, कारण कर्मणि प्रयोग त्यांस चांगला येतो. कचेऱ्यांच्या पत्रांतील ‘योग्य ती कार्यवाही करण्यांत येईल’ या वाक्याचा कर्ता आजवर कोणास सांपडला आहे? या उलट आपल्या चलनी नोटेचें उदाहरण घ्या. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर हिंदींत व इंग्रजींत लिहितो कीं धारकास इतके रुपये अदा करण्याचें मी वचन देतों. ‘मी’, एकवचन, वर्तमानकाळ, खालीं सही. (मराठी या नोटेवर आहे, परंतु मागच्या बाजूच्या भाषांच्या रांगेंत, आणि ती केवळ रक्कम सांगते, वचन देत नाहीं. एक रुपयाच्या नोटेवर तर कोणत्याच भाषेंत वचन नाहीं; ती भारत सरकारची असते व तिच्यावर अर्थसचिवाची सही असते.)

पण याची दुसरीहि बाजू आहे, आणि आमच्या मतें तीच अधिक अवघड आहे. ‘मी’ला ‘तो’ करणें ही जशी चोरी, तसें जें मुळांत ‘तो’च्या हातीं होतें त्याचा सगळा भार ‘मी’वर टाकणें हा अन्याय नव्हे काय? दशरथाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ‘तूं मागशील तें मी देईन’ असें तो कैकेयीस म्हणाला. या वाक्यांत दोन भविष्यकाळ आहेत, आणि पहिल्या पुरुषाचा दुसऱ्यावर उभा आहे. देण्याचें बंधन राजाचें, पण काय द्यावयाचें तें ठरविणें राणीच्या तोंडीं. असें वचन देऊं नये, हें नीतिशास्त्र त्या गोष्टींतून सहज निघतें. परंतु झरीच्या शेतकऱ्याचें वचन यापेक्षांहि बिकट आहे. त्याचा भविष्यकाळ ज्याच्यावर उभा असतो तो माणूसहि नव्हे.

कांटनें १७८५ च्या आपल्या नीतिग्रंथांत कर्जदाराचें प्रसिद्ध उदाहरण दिलें आहे. एकास पैशाची निकड आहे. परत करतां येणार नाहीं हें त्याला ठाऊक आहे. तरी तो ‘देईन’ म्हणून पैसे घेतो. सर्वांनींच असें केलें तर ‘देईन’ या शब्दास अर्थच उरणार नाहीं, म्हणून तें अनीतीचें, असा त्याचा निर्णय. निर्णय निर्विवाद आहे. पण आम्हीं आपल्या गांवीं जे कर्जदार पाहिले त्यांत हा मनुष्य फार क्वचित् भेटला. तेथें भेटतो तो दुसराच: परत करतां येईल कीं नाहीं हें त्याला ठाऊकच नाहीं, आणि देणारासहि ठाऊक नाहीं. आमच्या भागांतील बहुतेक शेती आभाळाकडे डोळे लावून बसणारी. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी, सारें पावसाच्या हातीं. पाऊस पडेल, हें तृतीय पुरुषी अनुमान. त्याच्या खांद्यावर उभें ‘मी देईन’, हें प्रथम पुरुषी वचन. १९७२ च्या दुष्काळीं आणि पुढें २०१५-१६ च्या दुष्काळीं मराठवाड्यांत खालचा खांदा निखळला. वरचा माणूस पडला, आणि त्याला वचनभंगी ठरविण्यांत आलें. ठरविण्यांत आलें असें आम्ही लिहितों. हाच तो कर्मणि प्रयोग.

यावर कोणी म्हणेल, संकट आलें म्हणून वचन सुटतें असें मानलें तर हरिश्चंद्राचें काय राहिलें? जो वचनासाठीं स्मशानांत उभा राहिला त्याला आपण वंदन करतों तें उगीच काय? वंदन योग्यच आहे. परंतु हरिश्चंद्रानें जें दिलें तें त्याचें होतें. राज्य त्याच्या हातीं होतें आणि तें त्यानें सोडलें. जें कधीं हातींच आलें नाहीं तें पीक सोडावयास सांगणें ही निराळी मागणी आहे. सत्त्वाची परीक्षा आणि वसुली यांत अंतर राखलें पाहिजे. शिवाय जुन्या व्यवहारांत हें अंतर जाणणारी एक रीत होती, आणि अजूनहि ती मोडलेली नाहीं: बटाई. जमीन एकाची, राबणारा दुसरा, आणि पिकेल त्याचे वाटे. बटाईंत जुलूम नव्हता असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. वांटा ठरवितांना कोणाचा आवाज चढे तें सर्वांस ठाऊक आहे. पण तिचें व्याकरण रोख्याच्या व्याकरणाहून न्यायाचें होतें. ‘पिकेल तें आपण वांटून घेऊं.’ तेथें ‘पिकेल’ हें अनुमान उघडपणें अनुमान म्हणूनच मांडलेलें आहे, आणि त्याच्या खालीं दोघांचेहि खांदे आहेत. कर्जरोख्यांत दोघेहि पावसावर पैज लावतात. सही मात्र एकट्या ‘देईन’ची असते.

कायद्याची दृष्टि येथें पाहण्यासारखी आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या कायद्याप्रमाणें वचनचिठ्ठी ही बिनशर्त असली पाहिजे. अमक्या मुलीशीं माझें लग्न झाल्यावर सात दिवसांनीं पांचशें रुपये देईन, असें लिहिलेला कागद वचनचिठ्ठी होत नाहीं, असें त्या कायद्यांतच उदाहरणादाखल सांगितलें आहे. म्हणजे ‘पाऊस पडला तर देईन’ असें जर शेतकऱ्यानें खरेपणानें लिहून दिलें, तर तो कागद पेढीच्या दृष्टीनें कागद उरत नाहीं. हातोहात फिरावयाचें तर कागद बिनशर्त हवा, हें व्यापाराच्या दृष्टीनें समजण्याजोगें आहे. पण त्यामुळें होतें असें कीं, ज्या एका शब्दानें तें वाक्य सत्य होतें तो ‘तर’ लिहितांना गाळावा लागतो, आणि तो गाळल्याबद्दलचा दोष पुढें लिहून देणाऱ्याच्याच पदरीं येतो.

हा ‘तर’ मात्र भाषेनें गाळलेला नाहीं. स्पॅनिश माणूस म्हणेल, ‘सि युएवे, पागारे’. त्यांत देणें भविष्यकाळीं आहे, पण पाऊस वर्तमानकाळीं; अटीच्या वाक्यांत भविष्यकाळ वापरूं नये असा त्या भाषेचा नियम आहे, आणि इंग्रजीचाहि तोच. मराठी याहून पुढें गेली. ती पावसाला थेट भूतकाळांत घालते: ‘पाऊस पडला तर देईन.’ आधीं तो पडून गेला पाहिजे, जमिनींत मुरला पाहिजे, मग पुढचा शब्द. झरीस मृगाच्या तोंडावर हें वाक्य बोललें जातें तेव्हां आभाळ बहुधा निरभ्र असतें.